इथली मंडळी

तण उपटण्याआधी काका त्याची माफी मागत. तीही अरबीत.

"सामहनी, हबीबी," असं पुटपुटायचे, खिशातला स्टीलचा चमचा काढून मुळाजवळची वाळू सैल करायचे आणि रोप अलगद वर घ्यायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका राउंडअबाउटवर, पेटुनियाच्या ताटव्यात. चारी बाजूंनी गाड्या वळत होत्या आणि मधोमध साठीला आलेला एक माणूस गुडघ्यांवर बसून कुणाची तरी समजूत घालत होता. मला वाटलं, फोनवर बोलताहेत. पण कानात काही नव्हतं.

"कोणाशी बोलताय?" मी विचारलं.

"हिच्याशी."

"अरबीत?"

"इथली हाय ती. मराठीत माफी मागून तिला काय कळणार?"

दुबईतल्या त्या लँडस्केपिंग कंपनीत तो माझा दुसरा दिवस होता. रस्त्यांच्या कडेची फुलझाडं आणि व्हिलांच्या कॉलन्यांमधली हिरवळ सांभाळायची, हा कंपनीचा धंदा. मी पुण्याच्या शेती कॉलेजातून पदवी घेतलेली, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, मुलगी केजीत घातल्यावर काम शोधलेली. कागदोपत्री मी इंजिनिअर आणि काका माझ्या हाताखालचे सुपरवायझर. ते माण तालुक्यातले. दुष्काळाला कंटाळून इकडे आले आणि तीस वर्षं वाळवंटात राहिले. पहिला आठवडा त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात मी मराठीच आहे याची खात्री पटल्यावर 'मॅडमबाई' म्हणायला लागले, आणि तिसऱ्या आठवड्यापासून 'मॅडमबाई, तू'. साइटवरचे नेपाळी, बंगाली, पठाण सगळे त्यांना चाचा म्हणत. मी काका म्हणायला लागले.

काकांच्या हिशेबी झाडांचे दोनच प्रकार होते. पेटुनिया, झेंडू, लॉनचं गवत, हे पाहुणे. आणि जे कोणी न बोलावता, न पाणी घालता वाळूतून वर येतं, ती इथली मंडळी. "पाहुण्यांना दिवसातून तीन टाइम पाणी, वर खत. आन् घरच्या मंडळींना आपण तण म्हणतो," असं ते म्हणायचे. तक्रार म्हणून नव्हे, नुसती माहिती दिल्यासारखं. पाहुण्यांचं काम ते चोख करायचे. त्यांच्या ताटव्यात एक रोप वाकडं दिसायचं नाही. पण उपटलेली मंडळी कचऱ्याच्या पिशवीत न जाता लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या डब्यात जायची, डबे त्यांच्या पिकअपच्या मागच्या सीटवर, आणि तिथून अल कुसैसमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत.

ती बाल्कनी मी पाहिली तेव्हा हसू आवरेना. लोकांच्या बाल्कनीत मोगरा असतो, मनी प्लांट असतो. काकांकडे दीडशे डब्यांत शुद्ध तण होतं. एका कोपऱ्यात काकूंची एकुलती एक तुळस अंग चोरून उभी होती.

"माझे कपडे बाथरूममध्ये वाळतात," काकूंनी चहा ठेवता ठेवता सांगितलं. "आणि सहा चमच्यांच्या सेटात दोन चमचे उरलेत. पाहुणे आले तर तिसऱ्याला उप्पीट हाताने खावं लागतं."

"उप्पीट हातानंच खातात," काका म्हणाले.

"बघा," काकू मला म्हणाल्या. पण मी निघताना पाहिलं, काका फोनवर असताना काकू वाटीत पाणी घेऊन एकेका डब्यात चार-चार थेंब घालत होत्या. जास्त नाही. नेमकं किती घालायचं ते त्यांना पाठ होतं.

हे वेड लागलं कसं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, ट्रकच्या सावलीत बसून. ते इथे आले तेव्हा तिशीतले. कामगारांच्या कॅम्पवर एका खोलीत बाराजण. भाषा कळेना, उन्हाची सवय असून ऊन सोसेना. तीन दिवस घास घशाखाली उतरला नाही. चौथ्या दिवशी कॅम्पच्या मागे उगाच चालत गेले, तर वाळूत रुईचं झुडूप उभं. तीच जाड पानं, तीच जांभळी-पांढरी फुलं. आमच्या मारुतीला शनिवारी माळ घालतात, तीच रुई.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तिला बघितलं आन् भूक लागली."

त्यानंतर त्यांना एकेक जण भेटत गेला. पायात रुतणारा सराटा भेटला, पिवळ्या फुलांचा. कडू इंद्रावण भेटलं, वाळूवर वेल पसरून हिरवे चेंडू मांडून बसलेलं. बोर भेटली. आणि एक दिवस इथले लोक ज्याला घाफ म्हणतात, त्या झाडाखाली उभे असताना त्यांच्या लक्षात आलं की ही तर शमी. ज्या झाडाची या देशात एवढी शान आहे, ते आपल्या गावच्या वेशीबाहेरचं झाड. दसऱ्याला काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या कामावरच्या एका कॉलनीमागच्या घाफला भेटायला जात. पान तोडत नसत. खोडाला हात लावून परत येत. "मंडळी भेटली, दसरा झाला," म्हणायचे.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं मात्र शिक्षा होती. एकदा सुट्टीच्या दिवशी आम्ही दोन्ही घरं मिळून खोर फक्कानला समुद्रावर जायला निघालो. माझी मुलगी पोहण्याचा ड्रेस घालूनच गाडीत बसलेली. डोंगरातला रस्ता सुरू झाला आणि काकांनी पहिल्यांदा गाडी थांबवायला लावली. एका बाभळीखाली बकऱ्या मागच्या पायांवर उभ्या राहून पाला खात होत्या, ते बघायला. दुसऱ्यांदा थांबवली ती कोरड्या ओढ्यातल्या कसल्याशा गुलाबी फुलासाठी. तिसऱ्यांदा एका दगडावर निळसर डोक्याचा सरडा बसला होता. काका त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि तो हलेपर्यंत हलले नाहीत. तो अर्धा तास हलला नाही.

"आजोबा, the sea!" माझी मुलगी रडकुंडीला आली.

"समुद्र कुठं पळून चाललाय?" काका म्हणाले. "ह्यो पळून जाईल."

समुद्रावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलगी फुरंगटून पाण्यात गेलीच नाही. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तिच्याशेजारी वाळूत बसले आणि न बोलता बोटाने त्या सरड्याच्या पायांचे ठसे काढायला लागले. पुढचे दोन, मागचे दोन, मधून शेपटीची रेघ. थोड्या वेळाने ती विचारायला लागली, "And how does it turn?" मग दोघांनी मिळून सगळ्या किनाऱ्यावर सरडा फिरवला.

त्यांची एक खोड मला मनापासून जड जायची. हुकूम आला की ते 'नाही' म्हणत नसत, पण 'हो'ही म्हणत नसत. "बघतो" म्हणायचे. आणि बघत राहायचे. एखादं झुडूप काढायला सांगितलं की त्याला शेंगा आलेल्या असायच्या, त्या पिकेपर्यंत मुदत पाहिजे. एखाद्या भिंतीकडेचा वाळूचा ढीग उचलायचा म्हटलं की त्यात मुंग्यांचं काहीतरी चालू असायचं. क्लायंटचे ईमेल मला यायचे. पहिल्या वर्षाच्या शेवटी कंपनीने मला माझ्या टीमचे रिपोर्ट भरायला दिले, तेव्हा काकांच्या फॉर्मवर मी प्रामाणिकपणे लिहिलं, काम उत्तम, पण दिलेल्या सूचना वेळेवर अमलात आणत नाहीत. लिहिलं आणि विसरून गेले.

मग तो एप्रिल आला.

आमच्याकडे शहराच्या टोकाला एक व्हिलांची कॉलनी होती. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे एक मोठा मोकळा तुकडा. वाळू, वीस-पंचवीस झुडपं, मध्ये दोन घाफ. घाफला हात लावायला बंदी, पण बाकी सगळं काढून तिथे लॉन आणि मुलांसाठी झोपाळे करायचे ठरलं. कॉलनीचा मॅनेजर लेबनॉनचा, आवाजात गोडवा आणि घड्याळावर नजर. "हबीबती, दोन आठवड्यांत मला हिरवं दिसलं पाहिजे. यल्ला!" त्याने मला सांगितलं. कंत्राटाचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं, आणि माझं स्वतःचं प्रमोशन त्या नूतनीकरणाला टांगलेलं.

मी काकांना सोमवारी लोडर लावायला सांगितलं. मंगळवारी जाऊन पाहते तर लोडर भिंतीपाशी उभा, ड्रायव्हर सावलीत झोपलेला, आणि काका तुकड्याच्या मधोमध एका मोडक्या खुर्चीत, डोक्यावर काकूंची फुलाफुलांची छत्री.

"काका, हे काय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दहा-बारा पावलांवर दाखवलं. मला आधी खडेच दिसले. मग त्या खड्यांमधून एक लांब पिवळ्या पायांचा पक्षी उठला, लाल डोळा माझ्यावर रोखला आणि असा काही ओरडला की मी दोन पावलं मागे सरले. टिटवी. उघड्या वाळूवर, खळग्यात, चार अंडी. टोकं आत करून ठेवलेली, वाळूच्याच रंगाची.

"आपल्याकडे टिटवी ओरडली की वाईट म्हणतात," मी उगाच म्हणाले.

"ती आपल्याला वाईट म्हणत आसंल," काका म्हणाले. "मॅडमबाई, अंदाज करून सांगतो, दहा-बारा दिवसांत फुटतील. पिल्लं त्याच दिवशी चालायला लागतात. मग खुशाल लोडर घाल."

"बारा दिवस? काका, पूर्ण कंत्राट जाईल. चार अंड्यांसाठी?"

ते टिटवीकडे बघत राहिले.

"सगळं वाचणारच नाहीये इथलं. आज नाही तर उद्या."

"मला वाचवायचं न्हाई गं. ते आपल्या हातात हाय का? मला फकस्त मुदत पाहिजे."

मला त्यांचा राग आला. त्यांच्या शांतपणाचा जास्त. ऑफिसात गेले तर मॅनेजरचे दोन ईमेल येऊन पडलेले. मी रात्रभर... खरं सांगायचं तर रात्रभर काही नाही, मी पाच मिनिटांत ठरवलं. बुधवारी सकाळी काकांना मुद्दाम दुसऱ्या साइटवर पाठवलं. कारण सांगितलं, पाइप फुटलाय. पाइप फुटला नव्हता. ते गेले, आणि मी लोडरच्या ड्रायव्हरला सांगितलं की पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरू करून इकडे ये.

ड्रायव्हर पेशावरकडचा, धिप्पाड, अबोल. त्याने इंजिन सुरू केलं. पहिली तीन झुडपं गेली, चौथं गेलं. धुळीतून लोडर पुढे येत राहिला. मी भिंतीपाशी उभी राहून मोबाइलमध्ये बघायचं नाटक करत होते. मग ती ओरडायला लागली. मी वर पाहिलं. टिटवी अंड्यांवरून उठून लोडरसमोर आली होती आणि दोन्ही पंख पसरून उभी होती. उडत नव्हती. लोडरच्या पात्याची उंची तिच्या दहापट होती. लोडर हातभर पुढे आला, ती हातभर मागे सरली, पण पंख मिटले नाहीत. तिचा नर वरून घिरट्या घालत होता.

इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला, पक्ष्याकडे बघत उभा राहिला आणि मग माझ्याकडे आला. किल्ली माझ्या हातात दिली.

"मॅडम, ये मैं नहीं करेगा. मेरा नौकरी जाएगा तो जाएगा."

त्या किल्लीचं वजन मला अजून आठवतं. मी तशीच उभी होते, आणि मागून काकांची पिकअप आली. फुटलेला पाइप न सापडल्यामुळे परत आले होते. त्यांनी काढलेली झुडपं पाहिली, लोडर पाहिला, माझ्या हातातली किल्ली पाहिली. मला वाटलं, आता बोलतील. मी त्या बोलण्याला लायक होते.

ते म्हणाले, "उन्हात कशाला उभी हायस? छत्री घे."

मी त्यांची छत्री घेतली आणि मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. जरा वेळाने म्हणाले, "तिकडं बघ. ती काय करते बघ." टिटवी स्प्रिंकलरच्या गळक्या नळापाशी गेली होती. डबक्यात बसली, पोट भिजवलं, आणि ओल्या पिसांनी परत येऊन अंड्यांवर बसली. "गार करते. ऊन वाढलं की दर तासाला करते. मी आणखी एक नळ मुद्दाम गळका ठेवलाय."

त्या दुपारी मी कॉलनीच्या मॅनेजरला ईमेल लिहिला की लॉनच्या आधी जमिनीखालच्या पाइपांची प्रेशर टेस्ट बाकी आहे, किमान बारा दिवस लागतील. आयुष्यात लिहिलेलं ते माझं सर्वांत सफाईदार खोटं. त्याचा फोन आला, तो ओरडला, मग म्हणाला, "खलास, बारा. तेरावा नाही."

ते बारा दिवस काका कामाचे तास इकडे-तिकडे करून रोज दोन-चार तास त्या खुर्चीत बसत. कॉलनीतली मांजरं हाकलत. व्हिलांतल्या बायका गच्चीतून विचारत की तो म्हातारा रिकाम्या जागेवर पहारा कशाचा देतोय. एका शनिवारी मी मुलीला घेऊन गेले. ती काकांच्या पायाशी दीड तास गप्प बसली, जे तिच्या बाबतीत मी आजवर पाहिलं नव्हतं.

"आजोबा, does she know you're helping?" तिने हळूच विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तिला वाटतं, ह्यो एक मोठा त्रास हाय, पण बसून राहतो, मारत न्हाई."

अकराव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. नुसतं "ये" म्हणाले. मी पोहोचले तोवर तीन पिल्लं निघाली होती. काड्यांसारख्या पायांवर कापसाचे गोळे. चौथं अंडं फुटलं नाही. आईने थोडा वेळ वाट पाहिली, मग आवाज केला आणि तिन्ही पिल्लं तिच्यामागे भिंतीच्या फटीतून पलीकडच्या वाळूत चालत गेली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. काकांनी खुर्ची मिटली. ते न फुटलेलं अंडं तिथेच वाळूत पुरलं, हात झटकले आणि ड्रायव्हरला हाक मारली.

"यल्ला भाई, अब करो."

तो तुकडा दुपारपर्यंत साफ झाला. काका शेवटपर्यंत उभे होते. अर्ता नावाची तीन झुडपं त्यांनी स्वतः खणून काढली. अर्ताला पानं जवळजवळ नसतातच, नुसत्या हिरव्या काड्या, आणि वसंतात लाल गोंड्यांसारखी फळं. त्याची मुळं वाळूत आडवी किती लांब जातात ते त्या दिवशी कळलं. खणून खणून चमचा वाकला, फावडं घेतलं, तरी मूळ संपेना, शेवटी तोडावं लागलं. तिन्ही झुडपं आठवड्यात वाळली. तिसरं वाळलं त्या दिवशी काकूंनी मला फोन केला. "आज जेवले नाहीत. तुम्ही काही बोलू नका, फक्त येऊन बसा." मी जाऊन बसले. आम्ही तिघं बातम्या बघत बसलो.

कंत्राट टिकलं. मला प्रमोशन मिळालं. लॉन हिरवं झालं आणि झोपाळ्यांवर मुलं आली. आनंदी मुलं, त्यात काही वाईट नाही.

त्याच वर्षी काकांचं वय साठीच्या पुढे गेलं आणि त्यांचा व्हिजा पुढे वाढवायचा की नाही, हा प्रश्न एचआरपुढे आला. वाढवला नाही. बैठकीत मीही होते. त्यांच्या फाइलमधून एक कागद काढून वाचला गेला, दिलेल्या सूचना वेळेवर अमलात आणत नाहीत. माझंच वाक्य, माझी सही. मी काकांची बाजू मांडली, बरंच बोलले. ऐकून घेतलं सगळ्यांनी.

मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं. बाल्कनीत, डब्यांच्या मध्ये उभी राहून. वाक्य माझं होतं तेही सांगितलं.

काका बराच वेळ एका डब्यातली सुकलेली पानं वेचत राहिले.

"खोटं काय लिहिलंस?" ते म्हणाले. "वेळेवर कुठं करत होतो मी?"

"काका, प्लीज."

"अगं, मला आणखी दोन वर्षं दिली आसती, मग काय? दोन वर्षांनी ह्येच. मुदत मिळाली तेवढी मिळाली." मग आतल्या खोलीकडे मान वळवून, "ऐकलंस का, चहा टाक. मॅडमबाईचं तोंड उतरलंय."

काकू चहा घेऊन आल्या. त्यांच्या डोळ्यांवरून कळलं की त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला कप दिला, आणि जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्याची मला आजही लाज वाटते, आणि त्याचा आधारही वाटतो.

जायच्या आधीच्या सुट्टीत आम्ही दीडशे डबे माझ्या आणि त्यांच्या गाडीत भरले आणि शहराबाहेर, उंटांची कुरणं लागतात त्या बाजूला नेऊन वाळूत सोडले. तुळस काकूंनी शेजारणीला दिली. काका गावी गेले. घराला अंगण होतं, मुलगा-सून होती, गुडघे दुखत होते. आठवड्यातून एकदा फोन व्हायचा, मग महिन्यातून, मग सणावारी. "इथं सगळे वळखीचेच हायत," ते म्हणायचे, "त्यामुळं बघायला कोण येत न्हाई."

मधे सहा वर्षं गेली. मग दिवस पालटले, जे मला वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी आमच्याकडे एका नव्या मोठ्या बागेचं काम आलं. पहिल्याच मीटिंगमध्ये परदेशातून आलेल्या एका तरुण सल्लागाराने पडद्यावर झाडांची चित्रं दाखवायला सुरुवात केली. पेटुनिया नाही, लॉन नाही. कमी पाण्यावर जगणारी, याच मातीतली झाडं हवीत. एकेक स्लाइड पुढे सरकत होती आणि मी खुर्चीत ताठ होत गेले. सराटा. इंद्रावण. रुई. लॅटिन नावं घालून, सुंदर फोटोंमध्ये, आमच्या चेकलिस्टवर वीस वर्षं 'काढून टाका' या रकान्यात असलेली सगळी मंडळी. शेवटची स्लाइड अर्ताची होती. सल्लागार म्हणाला की याची दोनशे रोपं हवीत, पण अडचण अशी आहे की नर्सरीत ती बियांपासून टिकत नाहीत. दोनदा प्रयत्न झाला, दोनदा फसला. इथे कुणाला अनुभव आहे का?

मी बाहेर येऊन फोन लावला. सुनेने उचलला, मग काकांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक.

"अर्ता?" ते म्हणाले. "बी वरवर टाकत आसतील."

"तुम्ही केलंय?"

"ती तीन मेली ना, त्यानंतर बाल्कनीत करून बघितलं. चार वेळा. चार बोटं खोल पुरायचं, नुसत्या वाळूत. खत न्हाई, काय न्हाई. आन् पाणी बघून द्यायचं. पाणी देणारा कोण हाय तुझ्याकडं?"

"एक नवीन आहे. नेपाळचा."

"उद्या त्याला फोनवर दे."

दुसऱ्या दिवशी दिला. ते चाळीस मिनिटं बोलले. फोन कानाला लावलेला तो माणूस मोकळ्या वाळूकडे बघत नुसता "जी चाचा, जी चाचा" करत होता. महिनाभर हे चाललं. मग एका सकाळी त्याने मला हाताला धरून नेलं. वाळूतून हिरव्या सुईसारखं काहीतरी वर आलं होतं. मी त्याचा फोटो पाठवला. काकांना टाइप करता येत नाही, त्यांचा व्हॉइस मेसेज आला. बराच वेळ त्यात नुसता वारा आणि लांबून बकरीचा आवाज. मग, "मॅडमबाई, मला बोलावतील का गं बघायला?"

मी 'बघते' म्हणाले. आणि या वेळी खरंच बघितलं.

जानेवारीत काका आणि काकू तीन आठवड्यांच्या व्हिजिट व्हिजावर आमच्या घरी आले. हातात काठी, अंगात कॉलेजात जाणाऱ्या नातवाचं स्वेटर. नर्सरीत मी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. सल्लागार वही घेऊन आला होता, मोठ्या आदराने त्याने हात पुढे केला. काकांनी हात मिळवला, पण नजर पलीकडे. दोनशे कुंड्या, वीसच्या दहा ओळी, दोरी लावून आखलेल्या. दुसऱ्या दिवशी माल साइटवर जायचा होता, म्हणून मोजायला सोपं जावं अशा मीच लावून घेतल्या होत्या.

काका उठले. ओळींच्या कडेने हळूहळू चालत गेले, वाकून दोन-चार काड्यांना बोट लावलं. चेहरा काही खुलेना.

"बरी नाहीत का?" मी घाबरून विचारलं.

"बरी हायत. पर ही अशी कवायतीला उभी का केलीत?" आणि काठीच्या टोकाने त्यांनी एक कुंडी ओळीबाहेर सरकवली. मग तिच्याजवळ दुसरी, जरा तिरकी. मग लांब एक एकटीच.

"What is he doing?" सल्लागाराने मला विचारलं.

मी काकांना विचारलं.

"त्याला सांग, वाळूत जशी राहतात तशी एक दिवस राहू दे. उद्या नव्या घरी जायचंय. एकमेकांचं तोंड तरी बघतील."

मी जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, तो हसेल. त्याने वही खाली ठेवली, बाह्या दुमडल्या आणि काकांची काठी जिकडे दाखवेल तिकडे कुंड्या उचलून ठेवायला लागला. नेपाळी माळी आला. मग मीही वाकले. काकू खुर्चीत बसून डब्यातले लाडू मोजून वाटत होत्या. तासाभरात त्या दहा ओळींतली एकही ओळ शिल्लक राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा दोनशे कुंड्या मोजता मोजता जेवणाची वेळ झाली. तीन वेळा मोजल्या, तीन वेळा वेगळा आकडा आला. कोणी कोणावर ओरडलं नाही.